ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला असं नाही

सोलापूरची गड्डा यात्रा संपली की आमच्या दातांच्या दवाखान्यात पोरांची गर्दी वाढते, हे मी दरवर्षी बघते. आता तिळगूळ, हलवा, यात्रेतल्या रेवड्या-चिक्की यांनी आठ-दहा दिवसांत दाढ पोखरली असं कुणी समजू नका, कीड आधीचीच असते, त्या भोकात चिकट गोड जाऊन बसलं की ती दुखायला लागते एवढंच. यावेळी तुमची पत्रं वाचताना एक वाक्य मला जवळपास प्रत्येक पत्रात सापडलं, "मधे लई दुखत होतं, आता नाही दुखत." हे वाक्य वाचलं की मला काळजी वाटते. का ते खालच्या उत्तरांमध्ये येईलच.

मॅडम, माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे. खालच्या दाढेला मोठं भोक पडलंय. दिवाळीत चार रात्री रडून काढल्या तिने, तापाचं पातळ औषध देऊन निभावलं. त्यानंतर दुखायचं एकदम थांबलं. आता त्या दाढेखाली हिरडीवर एक पुटकुळी येते, फुटते, परत येते. डॉक्टर म्हणाले दाढेची नस काढून रूट कॅनॉल करा आणि वर स्टीलची कॅप बसवा. सासूबाई म्हणतात दुधाचा दात आहे, पडणारच आहे की, कशाला पैसे घालवायचे. खरंच गरज आहे का? — एक आई, जुळे सोलापूर

ताई, गरज आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी बरोबरच सांगितलंय. सासूबाईंचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या वेळी सगळे असंच म्हणायचे आणि समोरच्या दातांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं पण असतं, कारण समोरचे दुधाचे दात ६ ते ८ वर्षांत पडूनच जातात. पण दाढांचं तसं नाही. दुधाचे दात एकूण २०, त्यातल्या ८ दाढा, आणि या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे तुमच्या मुलीला ही दाढ अजून चार-पाच वर्षं वापरायचीय. एवढी वर्षं ती एकाच बाजूने चावणार, भाकरी नको म्हणणार, मऊ-मऊच मागणार आणि आपण म्हणणार पोरगी जेवतच नाही.

आता दुखायचं का थांबलं ते सांगते. दाताच्या आत नस असते, नस म्हणजे नुसती शीर नव्हे, रक्तवाहिन्या, नर्व्ह सगळं मिळून एक जिवंत मऊ भाग. कीड वरचं कडक कवच म्हणजे इनॅमल पार करून आत शिरली की ही नस सुजते, आणि दाताच्या आत सुजायला जागाच नसते, चारी बाजूंनी भिंत, म्हणून तो रात्रीचा जीवघेणा ठणका. त्या चार रात्री तेच झालं. मग ती नस मेली. मेलेली नस दुखत नाही. पण जंतू आत तसेच राहिले, ते मुळातून खाली हाडात उतरले, तिथे पू झाला आणि तो पू बाहेर यायला वाट शोधतोय ती वाट म्हणजे तुम्हाला दिसणारी पुटकुळी. पू वाहून जातोय म्हणून दाब नाही, दाब नाही म्हणून ठणका नाही. ती फुटली की बरं झालं असं वाटतं पण आतला कारखाना चालूच असतो.

आणि त्या दाढेच्या मुळांच्या अगदी मधोमध, खाली, पक्का दात तयार होत असतो. वर पू साचत राहिला तर त्या पक्क्या दाताच्या इनॅमलवर डाग किंवा खड्डा घेऊनच तो उगवू शकतो. हे मी मुद्दाम सांगते कारण "पडणारच आहे" म्हणताना आपण फक्त वरच्या दाताचा विचार करतो, खालच्याचा कुणी करत नाही.

डॉक्टर आधी एक्सरे काढतील. मुळं बऱ्यापैकी शाबूत असतील तर मेलेली नस काढून, मुळांची पोकळी साफ करून त्यात औषधाची पेस्ट भरतात. मोठ्यांच्या रूट कॅनॉलमध्ये रबरासारखं गटापर्चा भरतात ते मुलांना चालत नाही, कारण दुधाच्या दाताचं मूळ पुढे विरघळत जाणार आणि भरलेलं पण त्याच्याबरोबर विरघळलं पाहिजे, म्हणून वेगळी पेस्ट. वर नुसतं सिमेंट भरून सोडलं तर उरलेली पातळ भिंत भाकरी चावताना फुटते, त्यामुळे स्टीलची तयार कॅप. ती दिसायला चंदेरी असते, मागच्या दाढेला आहे म्हटल्यावर त्याचं एवढं मनावर घेऊ नका, वेळ आली की कॅपसकट दाढ पडते, वेगळं काढायला लागत नाही. बसवल्यावर पहिले काही दिवस "चावताना उंच लागतंय" म्हणेल, ते बसतं हळूहळू.

एक्सरेमध्ये जर दिसलं की मुळं फारच खाल्ली गेलीत तर मात्र दाढ काढावीच लागते, तिथे हट्ट करून उपयोग नाही. पण मग डॉक्टरांना स्पेस मेंटेनरबद्दल नक्की विचारा, म्हणजे रिकाम्या जागेत बसवायची छोटी तारेची कडी. नाहीतर मागची दाढ पुढे सरकते, जागा खाते आणि पक्का दात वाकडातिकडा येतो, मग पुढे तारा लावायचा खर्च.

दोन गोष्टी घरच्यांसाठी. एक, जाण्याआधी पोरीला "गप बस नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" असं चुकूनही म्हणू नका, निम्मं काम तिथेच बिघडतं. दोन, इंजेक्शन दिलं तर ओठ-गाल दोन-तीन तास बधिर राहतो आणि मुलं गंमत म्हणून तो चावत बसतात, संध्याकाळी ओठ सुजून जखम होते आणि आईवडील घाबरून पळत येतात. बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नका आणि लक्ष ठेवा. आणि हो, गालावर सूज चढली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा सूज डोळ्याकडे नाहीतर गळ्याकडे सरकली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

मुलगा ७ वर्षांचा. अगदी मागे नवीन दाढ दिसतेय पण तिथली जुनी काही पडली नव्हती, म्हणजे ही पण दुधाचीच ना? तिच्यावर काळ्या रेघा दिसतात. — एक वडील, अक्कलकोट रोड

नाही दादा, ती पक्की दाढ आहे! सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता, गुपचूप चार पक्क्या दाढा येतात, म्हणूनच सगळ्यांचा घोळ होतो. ही दाढ आता आयुष्यभर पुरवायची आहे, आणि माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त किडणारी दाढ पण हीच, कारण तिच्यावरच्या खाचा खोल असतात, ती पूर्ण वर यायला बराच वेळ घेते आणि मुलाचा ब्रश तिथपर्यंत पोचतच नाही. काळी रेघ म्हणजे दर वेळी कीड असेलच असं नाही, नुसता डागही असतो, ते बघूनच कळतं. खाचा खोल असून कीड नसेल तर सीलंट लावून त्या बुजवतात, ना इंजेक्शन ना मशीन, दहा मिनिटांचं काम. थोडीशी कीड असेल तर तेवढीच साफ करून दाताच्या रंगाचं फिलिंग. या आठवड्यातच दाखवा. आणि रात्रीचा ब्रश अजून एखाद-दोन वर्षं तुम्ही स्वतः करून द्या, सात वर्षांच्या मुलाच्या हाताला मागचं वळण जमत नाही. पेस्ट फ्लोराईडवाली, १००० पीपीएम किंवा थोडी जास्त, वाटाण्याएवढी. तीन वर्षांच्या आतलं लेकरू घरात असेल तर त्याला तांदळाच्या दाण्याएवढीच.

नातवाच्या दातात किडे झालेत. आमच्या गावाकडं एक जण रिंगणीच्या बियांची धुरी देतो, किडे खाली पडलेले दिसतात डोळ्यानं. नातवाची आई नको म्हणते. काय करावं? — एक आजी, बार्शी रोडवरून

आजी, नातवाच्या आईचं ऐका. धुरी देऊ नका.

आपण बोलताना "दाताला कीड लागली" म्हणतो ना, त्या शब्दानेच गोंधळ केलाय, दातात अळी नसते. तोंडात आपल्या सगळ्यांच्याच जंतू असतात, डोळ्याला न दिसणारे. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की ते जंतू त्याचं आम्ल करतात आणि त्या आम्लाने दाताच्या कवचातलं कॅल्शियम विरघळायला लागतं. खाल्ल्यावर साधारण अर्धा-पाऊण तास तोंड आंबट राहतं, मग लाळ ते सावरते. म्हणून दिवसातून एकदा जेवणाबरोबर लाडू खाल्ला तर लाळेला सावरायला वेळ मिळतो, पण पोरगं दर तासाला बिस्किट, कुरकुरे, गोळ्या खात असेल तर तोंड दिवसभर आंबटच राहतं. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व आहे, हे एवढं एक घरात सगळ्यांना सांगा.

खाली पडलेले दिसतात ते किडे दातातले नसतात हो, त्या बियांमधलेच बारीक कोंब-तुकडे असतात. धुरीने कधी कधी ठणका थोडा वेळ कमी वाटतो, पण भोक तसंच राहतं, वर तोंड-घसा भाजायची भीती. लवंगेचं म्हणाल तर लवंगेच्या तेलात बधिर करायचा गुण खरंच आहे, पूर्वीपासून डॉक्टर जे दुखरा दात शांत करायचं सिमेंट वापरतात त्यात पण लवंगेतलंच युजेनॉल असतं, पण ते तेल थेट कापसाने लेकराच्या हिरडीला लावून ठेवलं तर हिरडी भाजते. दुखऱ्या दाताशी ॲस्पिरिनची गोळी धरून ठेवणारे पण येतात आमच्याकडे, गालाच्या आतली कातडी पांढरी पडून सोललेली असते.

नातू खूपच लहान असेल, खुर्चीत बसतच नसेल, तर आजकाल एक औषध आहे, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड, ते नुसतं कापसाने किडलेल्या जागी लावतात आणि कीड तिथल्या तिथे थांबते. त्याने किडलेला भाग काळा पडतो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर घाबरायला नको. पोरगं मोठं होईपर्यंत वेळ काढायला फार चांगलं आहे, पण नसपर्यंत गेलेल्या, दुखणाऱ्या दाताला ते चालत नाही.

वय ३८, टॉवेलच्या कारखान्यात आहे. पंधरा वर्षांपूर्वी दाढेत चांदी भरली होती. हल्ली कडक भाकरी चावताना मधेच अशी सणक जाते की डोळ्यात पाणी येतं, पण रोज नाही, आणि थंड-गरम फार लागत नाही. दोन ठिकाणी दाखवलं, एक्सरेत काही नाही म्हणाले. दुसरं म्हणजे चांदीत पारा असतो म्हणून सगळी काढून टाका असं मोबाईलवर बघितलं. — एक वाचक, अशोक चौक भागातून

दादा, एक नीट आठवून बघा, सणक दात दाबताना येते का चावून झाल्यावर दात उघडताना? उघडताना येत असेल तर दाढेला चीर गेल्याची शंका जास्त. जुनं मोठं फिलिंग असलं की दाताच्या उरलेल्या भिंती पातळ झालेल्या असतात, आपली कडक भाकरी, शेंगदाणे, सुपारी, हुरड्यातला एखादा खडा असं वर्षानुवर्षं त्यावर चाललेलं, मग एके दिवशी केसासारखी चीर पडते. चावलं की चिरेची दोन्ही तोंडं जरा फाकतात आणि सोडलं की झटकन मिटतात, त्या क्षणी कळ. एवढी बारीक चीर एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे आधीच्या दोन डॉक्टरांनी काही चुकवलं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे एक छोटी प्लास्टिकची काडी असते, ती एकेका कोपऱ्यावर ठेवून चावायला लावतात, कुठला कोपरा दुखतो ते सापडतं. मग जुनी चांदी काढून, प्रकाश टाकून आत बघायचं.

चीर वरवर असेल तर दाढेला कॅप घालून सगळे कोपरे बांधून टाकायचे, बरीच माणसं त्यावर वर्षानुवर्षं जेवतात. नसपर्यंत गेली असेल तर रूट कॅनॉल आणि मग कॅप. थेट मुळापर्यंत दुभंगली तर मग काढण्यावाचून इलाज नाही, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत जायला कधी कधी एक घट्ट घासच पुरतो. तुम्हाला दुखणं रोज नाही म्हणून थांबलात, मी म्हणेन रोज दुखायच्या आत या. तोवर त्या बाजूने कडक भाकरी नको, आमटीत मोडून मऊ करून खा.

पाऱ्याचं. चांदी भरली म्हणतो ते म्हणजे चांदी, कथील, तांब्याची पूड आणि पारा यांचं मिश्रण, त्यात निम्म्याच्या आसपास पारा असतो हे खरं आहे. पण एकदा घट्ट झाल्यावर तो त्या मिश्रणात बांधला जातो, वाफ निघते ती फार थोडी. पाऱ्याचा वापर कमी करायचा म्हणून २०१३ साली मिनामाता करार झाला, आपल्या देशाने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि त्यात २०२२ साली असं ठरलं की १५ वर्षांच्या आतली मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना हे भरू नये, डॉक्टरला अगदीच गरज वाटली तर गोष्ट वेगळी. त्यामागे पर्यावरणाचा विचार मोठा आहे. पण तोंडात आधीच असलेली, न दुखणारी, न फुटलेली चांदी निव्वळ भीतीने उकरून काढू नका, उकरतानाच वाफ आणि धूळ जास्त उडते आणि दातही थोडा अजून कमी होतो. तुमची ही एक दाढ दुखतेय म्हणून ती उघडायची, बाकीच्या राहू द्या.

नवीन भरताना तुम्हाला दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट सांगतील, निळ्या लाईटने घट्ट होणारं. चांगलं असतं, दाताला चिकटतं त्यामुळे दात कमी कोरावा लागतो. फक्त ते भरताना दात पूर्ण कोरडा लागतो, थुंकी लागली की चिकटत नाही, म्हणून डॉक्टर रबराचा पडदा लावतात किंवा सारखा कापूस बदलतात, तेव्हा घाई करू नका, "झालं का, झालं का" म्हणत तोंड मिटू नका.

माझी आई विड्या वळते, वय ५२. लहानपणापासून मिसरी लावते, दिवसातून तीन-चार वेळा. आता सगळ्या दातांना हिरडीपाशी खाचा पडल्यात, गार पाणी तोंडात धरवत नाही. मिसरी सोड म्हटलं तर म्हणते त्याशिवाय पोट साफ होत नाही आणि मिसरीनेच दुखायचं थांबतं. तिचे दात वाचतील का? — एक मुलगी, सोलापूर पूर्व भागातून

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. असे दात मी आठवड्यातून कितीतरी वेळा बघते आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण या बायका दातांची निगा राखायची म्हणूनच मिसरी लावत असतात.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. दात घासायची पूड म्हणून ती हातात आली तरी शरीराला जाते ती तंबाखूच. निकोटिनने थोडा वेळ बधिर वाटतं म्हणून आईला दुखायचं थांबल्यासारखं होतं, आणि पोटाचं पण तेच, आतड्याला निकोटिनची सवय लागलेली असते, मिसरीशिवाय तीन-चार आठवडे काढले, सकाळी उठून कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि ज्वारी, की पोट आपोआप वळणावर येतं. हे तिला ओरडून नाही, जवळ बसून सांग. एकदम सुटत नसेल तर सरकारची तंबाखू सोडायला मदत करणारी फोन लाईन आहे, १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत.

खाचांचं असं आहे की बोटाने किंवा कडक ब्रशने आडवं घासून घासून हिरडी खाली सरकली आणि तिथला दात उघडा पडला, मुळाकडे कडक इनॅमल नसतंच, मऊ भाग असतो, तो झिजत गेला, म्हणून गार पाणी थेट आत लागतं. या खाचा भरता येतात. ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट किंवा कॉम्पोझिट, बहुतेक वेळा इंजेक्शन पण लागत नाही, दोन-तीन फेऱ्यांत बरेचसे दात होतील आणि फरक लगेच जाणवेल, चहा पिताना, चूळ भरताना. खाच अगदी नसपर्यंत पोचली असेल त्याच दाताला रूट कॅनॉल. पण मिसरी चालू ठेवून भरलं तर ती भरण वर्षभरात झिजेल, हेही आईला स्पष्ट सांग. दात हलत असतील तर आधी हिरडीची सफाई, आणि सफाईने दात ढिले होतात हा समज मनातून काढा, दातांवरचा दगडासारखा थर निघाल्यावर आधीच मोकळी झालेली जागा दिसते फक्त.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, दातांपेक्षाही. आईच्या ओठाच्या आत, गालाच्या आत, जिभेच्या कडेला उजेडात नीट बघ. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर दातांचं राहू दे, आधी ते दाखव. अशा जागा बहुतेक दुखत नाहीत म्हणून बायका सांगतच नाहीत. लवकर सापडलं तर इलाज आहे. आई काम करता करता काही खात असेल तर त्याआधी हात साबणाने धुवायची सवय पण लावा, हाताला दिवसभर तंबाखूच असते.

वय ६६, शुगर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दोन वर्षांपूर्वी रूट कॅनॉल केलं, दुखायचं थांबलं म्हणून कॅप घालायला गेलोच नाही. परवा ती दाढ मधून फुटली. आता काढून इम्प्लांट करावं की कवळी? — एक काका, विजापूर रोड

काका, परत तेच वाक्य, दुखायचं थांबलं म्हणून. रूट कॅनॉलनंतर दाढ आतून पोकळ आणि वरून कोरलेली असते, तिच्यावर कॅप घालणं हे त्याच उपचाराचा राहिलेला अर्धा भाग आहे, वेगळा जादा खर्च नाही. हे मी तुम्हाला बोल लावायला नाही सांगत, तुमच्यासारखे आत्ता अर्ध्यावर थांबलेले वाचक असतील त्यांनी या महिन्यात कॅप घालून घ्यावी म्हणून सांगते.

फुटलेला भाग हिरडीच्या वर असेल तर अजूनही दाढ वाचू शकते, आत खुंटी बसवून वर कॅप. हे विचारल्याशिवाय काढू नका. काढावीच लागली तर तीन वाटा. इम्प्लांट म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू, तो हाडाशी एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, मग वर दात. शेजारच्या दातांना हात लागत नाही हा मोठा फायदा, पण शुगर ताब्यात पाहिजे, नाहीतर जखम भरत नाही, म्हणून आधी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी, करून या. ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने मधे पक्का बसवलेला दात, त्यासाठी ते शेजारचे दोन दात घासावे लागतात, ते चांगले धडधाकट असतील तर मला ते घासायला जीवावर येतं, पण त्यांना आधीच मोठी फिलिंग्ज असतील तर ब्रिज चांगला पर्याय. एकाच दाढेसाठी काढायची-घालायची कवळी मी शक्यतो सुचवत नाही, सवय होत नाही आणि डबीत पडून राहते.

रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. हार्टच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच दात काढतात आणि रक्त थांबवायची काळजी तिथल्या तिथे घेतात. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि शुगरची गोळी घेऊनच या, उपाशी येऊ नका. वरचा दात काढल्याने डोळे जातात असं कुणी घाबरवलं असेल तर तसं काही नसतं.

पाचवा महिना चालू आहे, दाढ ठणकतेय, सगळे म्हणतात बाळंतपण होईपर्यंत काही करू नको.

करा ताई, आणि आत्ताच करा. चौथा ते सहावा महिना हाच दातांच्या कामाला सगळ्यात सोयीचा काळ आहे. बधिर करायचं साधं इंजेक्शन चालतं, एक्सरे अगदीच लागला तर शिशाचा ॲप्रन घालून काढतात. पू अंगात ठेवून आणि रात्र-रात्र जागून काढण्यापेक्षा उपचार बरे. फक्त दुखायच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका, तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

शाळेच्या ग्राउंडवर खेळताना १० वर्षांच्या मुलाचा समोरचा दात मुळासकट बाहेर आला. आम्ही कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी नेला, डॉक्टर म्हणाले उशीर झाला. काय करायला पाहिजे होतं?

तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. पण हे शाळेतल्या प्रत्येक सरांना माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पक्का दात निघाला तर तो मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, माती लागली असेल तर पाण्याखाली पाच-दहा सेकंद धरायचा, घासायचा नाही. जमलं तर त्याच जागी परत बसवून रुमाल चावायला द्यायचा. नाही जमलं तर गार दुधाच्या पेल्यात टाकून तासाभराच्या आत दातांच्या डॉक्टरकडे, अर्ध्या तासात पोचलात तर अजून चांगलं. मुळावरच्या जिवंत पेशी कोरड्या पडल्या की संपलं, म्हणून कागद, रुमाल, खिसा नको. दुधाचा दात निघाला तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. नुसता तुकडा पडला असेल तर तो तुकडा पाण्यात घालून न्या, कित्येकदा तोच परत चिकटवता येतो.

तुमच्या मुलाला इम्प्लांट आत्ता करता येणार नाही, जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच, म्हणजे अठराच्या पुढे. तोवर तात्पुरता लावता-काढता येणारा दात बसवून घ्या, जागाही राहील आणि वर्गात हसायला पण लाजणार नाही.

घरात तीन मुलं, तिघांचे दात किडलेत, खासगीत परवडत नाही. कुठे जावं? — एक वाचक, पूर्व भाग

सिव्हिलमध्ये म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात दातांचा विभाग आहे, तिथे सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा. पुणे रोडला केगावला डेंटल कॉलेज आहे, शिकणारी मुलं-मुली सरांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, दोनाऐवजी चार फेऱ्या होतील, पण काम तपासून घेतलेलं असतं आणि डेंटल कॉलेजांत खर्च बाहेरपेक्षा बराच कमी येतो. मुलं अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत असतील तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी करणारी टीम येते, २०१३ पासून ही योजना आहे, त्यात दात पण बघतात, त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका आणि टीमने पुढे पाठवायची चिठ्ठी दिली तर ती जपून ठेवा.

तिघांचं एकदम होणार नाही. आधी ज्याची सूज किंवा पुटकुळी आहे त्याला न्या, मग ज्याच्या पक्क्या दाढेला कीड आहे त्याला, आणि ज्याचे फक्त समोरचे दुधाचे दात थोडे किडलेत आणि दुखत नाहीत तो एखाद महिना थांबू शकतो. रात्रीचा ब्रश तिघांचाही आजपासून, आणि ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही, दूध पण नाही.